न खेळलेल्या सामन्यातला गुडघा

प्रिय रोयू,

तू आत्ता वरच्या खोलीत आडवा झाला आहेस, आणि मी खाली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुलाच पत्र लिहिते आहे. हे पत्र मी जिना चढून वर नेऊन देणार नाही. उद्या कामावर जाताना पोस्टात टाकीन, तुझ्या अमेरिकेतल्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. कारण वर जो झोपला आहे त्याच्यासाठी ते नाहीच. तो बाउल गेम सोडून घरी आला. तू खेळायला मागे राहिलास. एकाच मुलाबद्दल ही दोन्ही वाक्यं खरी कशी, हे मला विचारू नकोस. यापुढे वरच्याला मी 'तो' म्हणते आणि तुला 'तू', म्हणजे निदान कागदावर तरी घोटाळा होणार नाही.

मम्मीला इथलं, वॉलॉंगॉंगचं, ऊन लागलं, असं तुला वाटेल. वाटू दे. माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली. नळीत जे दिसतं तेवढंच लिहायचं, पेशंट बिचारा किती चांगला आहे ते लिहायचं नाही, ही माझी सवय. आताही पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते. अक्षरं मोठी आणि सुटी काढते आहे, कारण तू मराठी बोट ठेवून वाचतोस. पण वेळ फार नाही. पुढच्या आठवड्यात तो परत विमानात बसणार. मग तुझ्या एजंटाने ठरवलेला सराव, निवडणाऱ्यांसमोर चाचणी आणि नंतर व्यावसायिक संघ. एकदा का तो तुझ्या नावाची जर्सी घालून तिथे उभा राहिला, की तुला परत यायला जागाच उरणार नाही. मला तुला त्याआधी घरी आणायचं आहे.

तुला आठवतं का, आपण या देशात आलो तेव्हा आपल्या मागच्या कुंपणापलीकडचं ओव्हल, ते खेळाचं मैदान, पाहून डॅडी म्हणाले होते की एवढ्या मोकळ्या जागेत वसईला चार वाड्या बसल्या असत्या. तू त्या ओव्हलवर शाळेतून आल्या आल्या जायचास. बाकीची पोरं रग्बीत, तू मात्र त्या लांबट चेंडूला हातातून सोडून लाथ घालत बसायचास, तासन् तास, एकटा. मी स्वयंपाक करताना थप्प थप्प ऐकू यायचं. आवाज थांबला की मी खिडकीतून बघायचे, कारण आवाज थांबला याचा अर्थ चेंडू कुणाच्या तरी छपरावर. पुढे मेलबर्नला त्या ट्रेनिंगवाल्यांनी तुला घेतलं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाने त्यांच्या तिकडच्या फुटबॉलसाठी चक्क शिष्यवृत्ती देऊन नेलं, तेव्हा माझ्या मार्सेलिन मावशीला फोनवर समजावताना माझी वाट लागली. ती म्हणाली, मुलगा तिकडे शिकायला गेला की लाथा मारायला. मी म्हटलं, दोन्ही. मलाही त्या खेळातलं इतक्या वर्षांत एवढंच कळलं की सगळ्यांचे सगळे प्रयत्न फसले की मग तुला बोलावतात. तू येतोस, चेंडू जमेल तितका लांब भिरकावतोस आणि निघून जातोस. त्याला पंटर म्हणतात. डॅडी त्यांच्या स्टीलच्या कारखान्यात सगळ्यांना सांगत, आमचा मुलगा संकटात उपयोगी पडतो.

या वर्षी सगळे म्हणायला लागले की तू आता पैसे घेऊन खेळणाऱ्यांत जाणार. मग डिसेंबरात एजंटाचा फोन आला. बाउल गेम म्हणजे सीझन संपल्यावरचा मानाचा सामना. जिंकला तर चषक, हरला तरी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खेळणाऱ्याचं, असं एजंट म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. तुमच्याच संघातला तो धावणारा मुलगा आदल्या वर्षी अशाच सामन्यात गुडघा फोडून बसला. आज तो गाड्या विकतो. आता मोठी नावं सरळ सांगून टाकतात की आम्ही हा सामना खेळणार नाही, आणि कुणी वाईट मानत नाही. पंटरनं असं करणं जरा नवलाचं, एवढंच तुझे कोच म्हणाले. डॅडी हो म्हणाले. मीही हो म्हणाले, आणि आजही मला तो सल्ला चुकीचा वाटत नाही. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याच्या आईला हेच सांगितलं असतं.  तू मात्र विमानतळावरून बोललास तेव्हा म्हणालास, मम, आय कीप थिंकिंग आय लेफ्ट द गॅस ऑन. मी हसले. तुमच्या त्या घरात गॅसच नाही, सगळं विजेवर चालतं, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

सिडनीला आम्ही घ्यायला गेलो. तो बाहेर आला, त्याने मला मिठी मारली, आणि डॅडींच्या पाया पडला. रोयू, तू कधी कुणाच्या पाया पडला आहेस? आपल्या घरात ती पद्धतच नाही. डॅडी इतके खूश झाले की ट्रॉली तिथेच विसरले. गाडीत मी विचारलं, प्रवास कसा झाला. तू म्हणाला असतास, यीह, नाह, ऑल गुड, मम. तो म्हणाला, प्रवास छान झाला मम्मी, तुम्ही उगाच त्रास घेतलात. असं स्वच्छ मराठी, असं तुम्ही-आम्ही, जसं काही वसईच्या शाळेत शिकलेला. मी डॅडींकडे पाहिलं. ते म्हणाले, अमेरिकेत जाऊन पोरगा सुधारला.

आणि खरंच, तक्रार करायला जागा नाही. नाताळच्या मिस्सेला तो आमच्याआधी तयार होता. फराळाचं कुलकुल वळायला माझ्याबरोबर बसला आणि एकही कच्चं तोंडात टाकलं नाही. सुके बोंबील भाजले तर नाक दाबून अंगणात पळणारा तू. तो समोर बसून जेवला आणि म्हणाला, छान झालेत. ताट स्वतः धुतलं. जिना चढताना तुझ्या पावलांनी कपाटातल्या बशा हलायच्या. तो वर गेला की खाली आला, ते समोर दिसल्याशिवाय मला कळत नाही. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मग मी त्याला त्याच्या पायाशी बोलताना ऐकलं.

उजवा पाय, लाथेचा. सोफ्यावर बसला की त्या पायासाठी वेगळी खुर्ची ओढतो, खाली उशी ठेवतो. रोज सकाळी त्याला तेल चोळतो, आणि 'माझा पाय' म्हणत नाही, नुसतं 'पाय' म्हणतो. पायाला ऊन नको. पाय आता दमला. डॅडी, गाडी जरा सावकाश घ्या, पायाला धक्का बसतो. एकदा मी चहा द्यायला गेले तर हळू आवाजात त्याला सांगत होता, थोडेच दिवस, मग सगळं तुझंच आहे. मी दारातच थबकले. त्याने वर पाहिलं आणि इतका गोड हसला की मला माझ्याच घरात चोरी करताना पकडल्यासारखं झालं. इथे आल्यापासून त्याने चेंडूला एकदाही पाय लावलेला नाही. मागचं ओव्हल तो खिडकीतूनसुद्धा बघत नाही.

सामन्याच्या दिवशी तिकडे रात्र होती, आपल्याकडे भर दुपार. बाहेर असं ऊन की रस्त्यावर चिटपाखरू नाही. पडदे ओढून आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. मी म्हटलं होतं, नको बघू या, तुला वाईट वाटेल. तो म्हणाला, मला का वाईट वाटेल. तुमच्या संघाचे पहिले प्रयत्न फसले आणि तुझ्या जागी घेतलेला पोरगा मैदानात यायला निघाला. नेमका तेव्हा मागच्या ओव्हलवरून आवाज आला, थप्प. मी तो आवाज इतकी वर्षं ऐकला आहे, मला त्यासाठी डोळे लागत नाहीत. इतक्या उन्हात कोण खेळतंय, असं माझ्या मनात येतं न येतं तोच टीव्हीवरच्या पोराने चेंडू हातातून सोडला आणि लाथ घातली. तसाच आवाज, पण आता टीव्हीतून, दुसऱ्यांदा. डॅडींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, इंटरनेटवरचं चित्र मागाहून येतं, खरं तिकडे आधीच झालेलं असतं. मी म्हटलं, तिकडे आधी झालं असेल हो, पण मला ऐकू आलं ते आपल्या कुंपणामागून. 

तुमचा संघ पुन्हा अडला तेव्हा मी उठून मागच्या दारात उभी राहिले. ओव्हल रिकामं होतं. फक्त पांढरे काकाकुवे गवतात दाणे टिपत होते, नेहमीसारखे. थप्प झालं आणि सगळे एकदम उडाले. अगदी मधोमध, जिथे तू उभा राहायचास, तिथून. मी आत वळले तेव्हा टीव्हीवर तो पोरगा नुकताच येऊन उभा राहत होता. त्याने हेल्मेटवरूनच कपाळाशी क्रूसाची खूण केली आणि जाळीतून अंगठ्याच्या नखाचं चुंबन घेतलं. समालोचक त्याचं नाव कुठल्याशा टेक्सासच्या गावाबरोबर घेत होता. रोयू, नखाचं चुंबन माझ्या आईने तुला शिकवलं, तिच्या मांडीवर. टेक्सासच्या पोराला ते कोण शिकवणार? हेल्मेटच्या आत तोंड दिसत नव्हतं, पण खांदे तुझे होते, आणि लाथ मारण्याआधी डावीकडे जरासं झुकणं तुझं होतं. सोफ्यावर तो बसला होता. टीव्हीकडे बघतच नव्हता. उशीवरच्या पायाकडे बघत होता.

शेवटी शेवटी सामना अटीतटीला आला, असं डॅडी म्हणाले. मी दारातून हललेच नव्हते. कधी आवाज येतो याची वाट बघत होते, पण या वेळी थप्प झालं नाही. तुझी हाक आली. मम. कुंपणावरून पडला होतास तेव्हा मारली होतीस, तशीच. मी अनवाणी धावले. तापलेल्या फरशीने पाय भाजले ते मला रात्री कळलं. कुंपणाशी जाऊन पाहिलं, कुणी नाही, काकाकुवे ओरडत घिरट्या घालत होते. आतून डॅडींचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. मी परतले तेव्हा टीव्हीवर तेच पुन्हा दाखवत होते. बाजूने एक आडदांड मुलगा आला आणि तुझ्या डाव्या पायावर, ज्या पायावर तू उभा असतोस त्यावर, पूर्ण वजनाने आदळला. गुडघा उलटा वाकलेला मी पाहिला. डॅडींनीही पाहिला. मग चित्र बदललं. टेक्सासचा पोरगा उठून उभा राहिला, हेल्मेट काढलं, पिंगट केस, हसतोय, सगळे त्याच्या पाठीवर थापा मारताहेत. समालोचक म्हणाला, नशीबवान आहे, साधं खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात कुणाला दुखापत झाल्याचं एक अक्षर नव्हतं. डॅडी त्या दुपारी एवढंच म्हणाले की तो सबस्टिट्यूट आहे, लविना, आणि टीव्ही बंद केला. वरच्याने पाय उशीवरून अलगद खाली घेतला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, बरं झालं मी तिथे नव्हतो.

तेव्हापासून डॅडी मागच्या अंगणात जात नाहीत. लॉनचं एक पातं वाकडं वाढलं तरी ज्याला झोप लागत नाही असा माणूस, आणि गवत आता घोट्याच्या वर आलंय. शेजारचा हसत विचारून गेला, ऑल राइट, मार्टी? डॅडींनी उन्हावर ढकललं. आम्ही दोघं एका शब्दाने त्या दुपारबद्दल बोललो नाही. मला भीती वाटत होती, ती मी वेडी ठरण्याची नाही. त्यांनी पाहिलं असूनही वरच्यालाच पसंत केलं तर, याची होती. कारण तो आहे खरा सोन्यासारखा. धडका पाय, धडका गुडघा, पुढे मोठं नाव. कुठला बाप असा मुलगा सोडेल?

म्हणून मी परस्पर तुमच्या घरी फोन केला. तुझ्याबरोबर राहणारा तो टास्मानियाचा कॅलम भेटला. म्हटलं, रोयूचं काही सामान राहिलंय का बघशील? तो म्हणाला, नो वरीज, मिसेस टी, आणि खोलीत जाऊन आला. बूट राहिलेत म्हणाला. मग हसत हसत आणखी एक सांगितलं. म्हणाला, आमच्या घरात बर्फाचं भूत आहे. सामन्यापासून फ्रीजरमधला बर्फ टिकत नाही. रात्री भरून ठेवावा, सकाळी पिशव्या रिकाम्या, आणि रॉयच्या रिकाम्या खोलीतली चादर ओली. छत गळत असेल, घरमालकाला कळवलंय. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात उभी राहून मी खूप रडले, रोयू. भीतीने नाही. तू एकटाच बसून गुडघ्याला बर्फ लावतो आहेस आणि तुला पाणी द्यायलासुद्धा कुणी नाही, म्हणून.

मार्सेलिन मावशीला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रोजरी म्हणायला सांगेल. तिने सांगितलंच, पण आधी विचारलं की मी तुला हाक मारली का. तिच्या सासरी नंदाखालला असं एकदा झालं होतं म्हणे. तिचा दीर विहिरीत पडता पडता वाचला. घरी आला तो शहाणासुरता, पण आलेला तो नव्हताच. तेव्हा त्याची आई विहिरीवर गेली आणि घरच्या नावाने त्याला बोलावून घेऊन आली. जिथे पोरगा अडकला असेल तिथे आईने हाक द्यायची, बाकी कुणाची चालत नाही. मी म्हटलं, मावशी, त्या स्टेडियमचं गेट मला कोण उघडणार, आणि रोयू आता तिथे नाहीच, तिकडच्या भाड्याच्या घरात आहे. ती म्हणाली, मग लिहून धाड, अक्षर तुझं असलं म्हणजे झालं. आणि एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. हाक मारलीस तर जसा येईल तसा घ्यायचा. दारात उभं करून हे हवं, ते नको, असं निवडायचं नाही. त्या दिराचं काय झालं, मी विचारलं. म्हणाली, आला की. जन्मभर पाठीतून वाकलेला होता, पण भांडायचा, हसायचा, माझ्या हातच्या आमटीला नावं ठेवायचा.

तर ही हाक आहे, रोयू. त्यासाठीच हे पत्र. तू आलास की तुझ्याबरोबर तो गुडघाही येणार, हे मला माहीत आहे. एजंटाचे फोन बंद होतील. जर्सी, चाचणी, सगळं राहील. तू चिडशील, रडशील, मला इंग्रजीत ओरडशील. ये. वरच्या धडक्या पायापेक्षा मला तू हवास. डॅडींचं काय, ही धास्ती कालपर्यंत होती. आज सकाळी ते हार्डवेअरच्या दुकानातून एक स्टीलची दांडी घेऊन आले, म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये धरायला लावतात तसली, आणि खालच्या बाथरूमच्या भिंतीला ड्रिल लावलं. तो जिन्यातून उतरला, नेहमीसारखा न वाजता, आणि विचारलं, डॅडी, ही कुणासाठी? डॅडींनी मान वर केली नाही. म्हणाले, रोयूसाठी. आणि पुढचं भोक पाडायला लागले.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
मम्मी